पुढच्या गावी माझं नाव सांगा

गुहागर ते मालवण हा किनारा पायी चालायचा तर मार्गशीर्षातच. पावसात बुजलेल्या पायवाटा तोवर मोकळ्या झालेल्या असतात, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळलेलं असतं, आंब्याच्या कलमांना मोहोराचे तुरे फुटू लागतात आणि सकाळी दहा-अकरापर्यंतचं ऊन अंगाला बरं वाटतं. मी घाटावरची, साताऱ्याकडची. पाठीला सॅक, हातात काठी, मुक्कामाचं आगाऊ काही ठरवलेलं नाही, अशी निघाले. दिवसांना तारखा न देता तिथी दिल्या आहेत, त्याचं कारण पहिल्याच दिवसात येईल. माणसांची नावं मात्र दिलेली नाहीत. त्यांनी मला घर उघडून दिलं ते कुठं छापून यावं म्हणून नव्हे.

शुद्ध तृतीया : गुहागर ते वेळणेश्वर

व्याडेश्वराचं दर्शन घेऊन सातच्या आत पुळणीवर उतरले. सुरूच्या बनातून थंडगार वारा येत होता. लांबून एक तरुण वाळूकडं बघत बघत येताना दिसला. तो कासवं राखणारा. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन घरटी करतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरण्याआधी ती शोधायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर आली की समुद्राकडं सोडायची. त्यासाठी तो रोज अंधारात उठून अख्खा किनारा पालथा घालतो.

त्यानं मला नाव-गाव विचारलं नाही. "आज तिथी काय, ठाऊक आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न.

मग बरोबर चालत त्यानं मला हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन, अष्टमीला आठ पाऊणे सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून. भरतीच्या अलीकडं-पलीकडं सहा तासांनी सुकती. सुकतीला पाणी मागं सरलं की उघडी पडते ती ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर पाय रुतत नाही. कोरड्या वाळूत मात्र थोड्याच वेळात पोटऱ्या भरून येतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी पार वरपर्यंत चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा ते पुढंही फार येत नाही आणि मागंही फार जात नाही. "सव्वाआठला सुकती आहे, आत्ता निघालात ते बरोबर निघालात," तो म्हणाला. शाळेत घोकलेली पाऊणकी इतक्या वर्षांनी कामाला आली. पुढची सगळी वाट मी याच हिशेबावर चालले. चालणाऱ्या माणसाला याहून मोलाचं काही देता येईल असं मला वाटत नाही.

असगोलीच्या अंगाला किनारा संपतो तिथं त्यानं फोन काढला. "वेळणेश्वरला देवळामागं माझी आत्या राहते. माझं नाव सांगा." मी नको म्हणेपर्यंत आत्याशी बोलणं झालंसुद्धा होतं.

पालशेतनंतर वाट किनारा सोडून चढावर चढते, उतरते, पुन्हा चढते. वेळणेश्वरला पोचेस्तोवर दिवस कलला होता. आत्या बेड्यापाशीच, म्हणजे आवाराच्या फाटकापाशीच, उभी होती. पाय धुवायला पाणी, मग वाटीत गूळ आणि तांब्यात पाणी. उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी आणि चौकशी नंतर, ही रीत कोकणातल्या घरांनी अजून सोडलेली नाही. घर मोठं, खोल्या सहा-सात, राहणारी माणसं दोन. मुलगा बोरिवलीला. त्याच्या खोलीतली गादी तिनं माझ्यासाठी उलगडली. "गणपती नि शिमगा सोडला तर ही गुंडाळलेलीच असते बघा. तुम्ही आलात, तिला हवा तरी लागली." जेवायला कुळथाचं पिठलं आणि तव्यावरून थेट ताटात येणारी तांदळाची भाकरी. तिसरी भाकरी मी नको म्हटली तेव्हा काकांनी पेपर खाली ठेवून एवढंच विचारलं, "उद्या बसनं जाणार आहात का?" मी खाल्ली.

विनायकी चतुर्थी : हेदवी

आत्याच्या ओळखीनं हेदवीत एका पुजाऱ्यांच्या घरी सॅक ठेवायला जागा मिळाली. दशभुज गणेशाच्या देवळात चतुर्थीची गर्दी होती. दर्शन झाल्यावर मी समुद्रावर बामणघळ बघायला गेले. काळ्या कातळात एक अरुंद, खोल चीर आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, आतल्या भिंतीवर आदळतं आणि उंच उसळून वर येतं. चार पाऊणे तीन, म्हणून मी अडीचलाच जाऊन थांबले होते.

मी दोन पावलं पुढं सरकले तशी मागून जोराची हाक आली. उमामहेश्वराच्या देवळाकडून एक वयस्क काका तरातरा चालत आले आणि चक्क रागावले. ओल्या कातळावर पाय ठेवायचा नाही, काळा चकचकीत दिसतो तिथं शेवाळ असतं, सहा लाटा साध्या येतात आणि सातवी ओढून नेते. मला कोरड्या दगडावर बसवून ते स्वतः शेजारी बसले आणि पाणी उतरायला लागेपर्यंत उठले नाहीत. मध्ये एक शहरातली मंडळी आली, त्यांनाही त्यांनी असंच मागं हटवलं. ते कुणी रखवालदार नव्हते. जवळच घर, एवढंच. भरतीच्या वेळी घळीवर माणसं दिसली की ते येऊन बसतात.

पंचमी : तवसाळ ते जयगड

तवसाळहून फेरीबोटीनं शास्त्री नदीची खाडी ओलांडली. नकाशात कोकणचा किनारा सलग दिसतो, पायी चालणाऱ्याच्या वाट्याला मात्र तो तुकड्या-तुकड्यांनी येतो. थोडं चाललं की खाडी आडवी. शास्त्रीनंतर रत्नागिरीजवळ काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गाला वाघोटण, पुढं देवगड, आचरा, कालावल. आता बऱ्याच ठिकाणी पूल झाले आहेत, पण काही पूल इतके आतल्या अंगाला की पायी माणसाचा दिवस त्या फेऱ्यातच जातो. तिथं कुणीतरी तुम्हाला पलीकडं नेऊन सोडावं लागतं.

बोटीच्या कठड्याशी उभी असताना मला वाटलं, इथल्या माणसांचा स्वभाव या खाड्यांनीच घडवला असणार. परक्याला दारात पाणी दिलं, जेवू घातलं, एवढ्यानं त्यांचं भागत नाही. पुढच्या तीरावरच्या माणसाच्या हाती त्याला सोपवलं की मगच ते माघारी वळतात. पुढच्या प्रत्येक मुक्कामावर मला हे दिसत गेलं. निरोप घेताना "या पुन्हा"च्या आधी यायचं ते "पुढं कुणाकडं?"

चंपाषष्ठी : मालगुंडच्या वाटेवर

जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वर यांत वेळ गेला आणि एका लहान वाडीत पोचताना अंधारलं. देवळासमोर वस्तीची एस.टी. उभी होती. जी गाडी रात्री गावात येते, तिथंच मुक्काम करते आणि पहाटे तालुक्याला निघते, ती वस्तीची गाडी. ड्रायव्हर आणि कंडक्टर देवळाच्या धर्मशाळेत स्टोव्हवर खिचडी लावून बसले होते.

"मॅडम, गाडी आता सकाळी साडेपाचला."

मला गाडी नको, पाठ टेकायला जागा हवी आहे, मी चालत आलेय, असं सांगितल्यावर कंडक्टर काही न बोलता उठले आणि बॅटरी घेऊन पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून गेले. वस्तीच्या गाडीच्या माणसांना गावातलं सगळं माहीत असतं. कुणाकडं आजारपण आहे, कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाकडं खोली रिकामी आहे. दहा मिनिटांत ते एका वहिनींना घेऊन खाली आले. तोवर ड्रायव्हरदादांनी खिचडीत मूठभर तांदूळ वाढवले होते. आम्ही चौघांनी ती पापड-लोणच्याबरोबर खाल्ली. ड्रायव्हरदादा लातूरकडचे. ऐन पावसाळ्यात याच गावानं त्यांना तापात चार दिवस सांभाळलं होतं, ते सांगताना त्यांनी प्रत्येक घराचं नाव घेतलं.

वहिनींनी मला आतल्या खोलीत झोपवलं आणि स्वतःची वळकटी त्याच खोलीच्या दाराशी टाकली. रात्रभर छोटा दिवा चालू ठेवला. नव्या जागी उठल्यावर दार कुठं आहे ते कळत नाही, म्हणून.

सप्तमी, अष्टमी : गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी

हे दोन दिवस गाड्यांच्या रस्त्याचे. पुळ्याला डोंगराची प्रदक्षिणा केली, आरे-वारेच्या चढावरून दोन्ही पुळणी एका नजरेत बघितल्या. रत्नागिरीत बुटाचा तळ सुटला. स्टँडजवळच्या चर्मकार काकांनी मी कुठून चालत आले ते ऐकून तळ नुसता चिकटवला नाही, तर कडेनं पूर्ण शिवून दिला आणि दुसरा बूटही काढायला लावून तोही शिवला. "एक गेला की दुसरा जातोच." पैसे नेहमीचे घेतले, ना कमी ना जास्त. ते बूट मालवणपर्यंत टिकले.

नवमी : भाट्ये ते पावस

भाट्याच्या पुलावरून काजळी ओलांडली आणि पावसच्या वाटेवर टाचेचा फोड फुटला. एस.टी.च्या निवाऱ्यात बसून मोजा सोलत होते, तेवढ्यात गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एक आशाताई तिथं आल्या. घरभेटी संपवून बसची वाट बघत होत्या. त्यांनी टाच बघितली, कपाळाला आठी घातली आणि पिशवी उघडली. जखम धुतली, औषध लावलं, कापसाची गोल चकती करून मधे भोक ठेवलं म्हणजे दाब जखमेवर येणार नाही, आणि वर पट्टी. तेवढ्यात त्यांची बस आली आणि गेली. "दुसरी येईल," म्हणाल्या. ती किती वेळानं येते हे त्या मार्गावर राहणाऱ्यालाच माहीत.

"उद्या पूर्णगड ना? तिथली आशा माझी मैत्रीण आहे. पट्टी ती बदलेल. नाव सांगा माझं."

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात दुपारचा खिचडीचा प्रसाद घेतला आणि तो दिवस पायाला विश्रांती दिली. दुसऱ्या दिवशी पूर्णगडच्या उतारावरच एक मुलगी सायकलवर समोर आली. "तुमचीच टाच ना? आईनं बोलावलंय." पूर्णगडहून मुचकुंदीच्या पलीकडं गावखडीला, तिथून पुढं, माझ्या आधी माझ्या टाचेची बातमी पोचत गेली. मानधनावर गावागावांत बाळंतिणी, तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं बघणाऱ्या या बायका. त्यांच्या कामाच्या वहीत मी कुठंच बसत नव्हते. तरी तिघींनी मिळून ती जखम भरून आणली.

एकादशी : कशेळीचा सडा

गावखडीची पुळण संपवून वर सड्यावर चढले. जांभ्या दगडाचं ते विस्तीर्ण पठार, मधूनमधून चिऱ्यांचे गडगे घातलेल्या आंब्याच्या बागा. अकरानंतर सड्यावर सावली शोधून सापडत नाही. एका बागेच्या बेड्याशी पत्र्याची खोली दिसली आणि मी पाणी मागायला थांबले.

बाहेर आलेला माणूस नेपाळचा. रत्नागिरी-देवगडच्या बागांत हंगामाला नेपाळी कुटुंबं राखणीला येतात. फवारणी, पाणी, वानरं हाकलणं, पुढं फळ उतरवणं, सगळं तीच बघतात. आंबा बाजारात जातो तेव्हा बागायतदाराचं नाव पेटीवर असतं. मोहोराच्या रात्री त्या झाडांखाली जागलेला माणूस मात्र हा.

"दीदी, बसा." त्यानं स्वतःची खाट सावलीत ओढली. बायकोनं चुलीवर चहा ठेवला. उपास आहे म्हटल्यावर ती आत गेली आणि उकडलेली रताळी घेऊन आली. बहुतेक त्यांच्या दुपारच्या जेवणातलीच. मी एक घेतलं तर तिनं उरलेली पानात बांधून सॅकच्या कप्प्यात घातली. मुलगा पाच-सहा वर्षांचा. तो माझ्याशी कोकणी हेल काढून मराठी बोलत होता आणि आईशी नेपाळी.

त्यानं आपलं गाव सांगितलं. रस्ता जिथं संपतो तिथून दोन दिवसांची चढण, वाटेत हॉटेल नाही, कुणाच्याही घरी थांबायचं. "आमच्याकडं चालणारा माणूस आला की विचारत नाही कुठला. आधी आग, मग जेवण." मी ऐकत राहिले. आत्याचं गूळ-पाणी आणि याची चूल यांच्यामध्ये अख्खा देश पसरलेला आहे, आणि दोघांची रीत एकच. त्याला इथं येऊन बरीच वर्षं झाली होती, पण वाडीत कुणाच्या ओटीवर तो अजून मोकळेपणानं बसत नाही, हेही बोलण्यातून कळलं. ते ऐकून मला फार लागलं. ज्याला स्वतःला इथं कुणी पुरतं आपलं म्हटलेलं नाही, त्यानं मला एका क्षणात दीदी केलं.

"हत्ती बघितला?" निघताना त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पायात चपला घातल्या.

कशेळीच्या सड्यावरचं ते कातळशिल्प मला एकटीला सापडलं नसतं. जांभ्या कातळात कोरलेली हत्तीची प्रचंड आकृती, आणि तिच्या पोटात, पायांत, सगळीकडं भरलेले दुसरे लहान-मोठे प्राणी आणि मासे. कोकणातली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. त्याला यादीचं ठाऊक नव्हतं. पण सोंड कुठून सुरू होते, मासा कुठं, कोणता प्राणी दुसऱ्याच्या अंगात दडलाय, हे तो मुलाचा हात धरून रोज बघत असावा, इतकं त्याला पाठ होतं. पाणी पडलं की रेषा नीट उठून दिसतात, पण त्यानं माझ्या बाटलीतलं पाणी ओतू दिलं नाही. मागं जाऊन आपली कळशी घेऊन आला.

द्वादशी, गुरुवार : आडिवऱ्याजवळ

आडिवऱ्याच्या महाकालीचं दर्शन घेऊन निघाले तर संध्याकाळी एका वाडीत घरोघरी मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा मांडलेली. ज्या घरी मला पाठवलं होतं तिथली सून माझ्याहून बरीच लहान. पाटावर कलश, आंब्याची पानं, फळं, आणि ओटीवर हळदीकुंकवाला आलेल्या बायका.

मी बाहेरच्या पडवीत बसून राहिले. माझे यजमान गेल्याला काही वर्षं झाली आहेत आणि अशा संध्याकाळी कुठं बसायचं ते मला आता कुणी सांगावं लागत नाही. सून करंडा घेऊन बाहेर आली. माझ्या कपाळाकडं तिनं बघितलं, गळ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता हळद लावली, कुंकू लावलं, ओंजळीत फूल ठेवलं. मग आत बघून म्हणाली, "आई, ताईंना आतच पान वाढते." सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग काय बाहेर वाढणार?"

त्या रात्री पुरण होतं. मी बायकांच्या पंगतीत बसून जेवले. याच्यावर मला याहून जास्त लिहिता येणार नाही.

त्रयोदशी, चतुर्दशी : नाटे, जैतापूर, विजयदुर्ग

साखरी नाट्याला मच्छिमारांची मोठी वस्ती आहे, बहुतेक घरं मुसलमानांची. बंदरावर जाळी शिवत बसलेल्या चाचांना जैतापूरच्या बाजूला होडी मिळेल का विचारलं. त्यांनी आधी आकाशाकडं, मग पाण्याकडं बघितलं. "पाणी भरू द्या. तोवर घरी चला." घरात त्यांच्या अम्मांनी सांदणं केली होती, नारळाच्या दुधातली, गोड, मऊ. कुणाकडची, एकटी का, भीती नाही वाटत, असे सगळे प्रश्न अम्मांनी विचारले आणि शेवटी माझा हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ दाबत राहिल्या. त्यांचा एक मुलगा कुवेतला, एक बोटीवर. "त्यांनाही कुणीतरी घास देत असेल," त्या म्हणाल्या. चाचांच्या नातवानं खाडीपार सोडलं. पैशाचं नाव काढलं तर त्यानं इंजिनाचा आवाज वाढवला.

वाघोटण खाडीही अशीच, दुसऱ्या एका होडीनं. त्या खाडीनं रत्नागिरी जिल्हा संपून सिंधुदुर्ग सुरू होतो. आंग्र्यांच्या नावानं ओळखला जाणारा, 1756 साली त्यांच्या हातून गेलेला विजयदुर्ग शांतपणे फिरून बघितला. त्याच्यावर जाणत्यांनी भरपूर लिहिलं आहे.

पौर्णिमा : देवगडच्या अलीकडं

दत्तजयंती. शिवाय ज्या गावी पोचले तिथं जत्रा. देवळासमोर मांडव, खाज्याची दुकानं, फुगे, आणि रात्री दशावतार. "तुमी खंयसून इलास?" शेजारच्या आजींनी विचारलं आणि उत्तर ऐकून आपल्या गोणपाटावर मला जागा केली. थंडी चांगलीच पडली होती. आजींनी अंगावरच्या गोधडीचा अर्धा भाग माझ्यावर टाकला. पेटी-मृदंग-झांजांच्या गजरात संकासुर आला, मग आख्यान, मग पहाटेपर्यंत युद्धं. नट ऐनवेळी मनानंच संवाद रचत होते, आणि आजी प्रत्येक नटाचं गाव, दिवसाचा धंदा, त्याच्या बापानं कोणतं पात्र केलं होतं ते माझ्या कानाशी सांगत होत्या. दहीकाला झाल्यावर त्यांनी मला घरी नेलं, घावणे आणि नारळाचा रस खायला घातला आणि दहा वाजेपर्यंत उठवू नका म्हणून घरात सगळ्यांना बजावलं.

वद्य पक्ष : कुणकेश्वर, आचरा, तोंडवळी, मालवण

कुणकेश्वरपासून पुढं किनारा इतका सुंदर आहे की माणूस बोलायचंच बंद करतो. ते दिवस मी जवळजवळ एकटीच होते आणि ते मला हवंही होतं. वद्य चतुर्थीला तोंडवळीच्या पुळणीवर पोचले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मध्ये माडांची अरुंद पट्टी. चार पाऊणे तीन, म्हणजे नऊला सुकती. वाळू घट्ट होती.

पुढं रापण लागली होती. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं सोडून येतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. तास-दोन तासांचं काम. गावाची सामाईक मासेमारी, बाया, पोरं, म्हातारे सगळे दोराला. मी बघत उभी राहिले तर एक बाई म्हणाल्या, "बघतास काय? दोर धरा." सॅक वाळूवर टाकून मी दोर धरला. टाच रोवून मागं मागं जायचं, शेवटी पोचलं की पुढं पळत येऊन पुन्हा पाण्याजवळचा दोर पकडायचा. हाताची सालं निघाली. जाळं वर आलं तेव्हा त्यात तारली होती, थोडे पेडवे, काही बांगडे. फार नाही. खोल पाण्यात पर्ससीनची मोठी जाळी मासळीचे थवेच्या थवे उचलतात, तेव्हापासून रापणीला पूर्वीसारखं मिळत नाही, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तरी वाटे घालताना तांडेलांनी, म्हणजे रापणीच्या म्होरक्यांनी, एक वाटा माझ्यासमोर सरकवला. मी मागं सरले. मी तर वाटेवरची बाई, दोर जेमतेम तासभर धरलेला, आणि वाटे आधीच लहान.

"रापणीक हात लावलास, वाटो तुमचो," ते म्हणाले. त्यात देण्याचा आव नव्हता. हिशेब होता, आणि तो मोडायचा नव्हता.

बांगडे-तारली माडाच्या झापात बांधून दिली. तळाशिलच्या टोकाहून होडीनं सर्जेकोटला सोडलं आणि मालवणात एका घरी पाठवलं, "माजा नाव सांगा" म्हणून. तिथल्या काकूंनी मासे साफ करता करता मला बंदरावर पिटाळलं. "जा, सिंधुदुर्ग बघून या. तिरफळ घालून करते, वेळ लागेल."

मी किल्ल्यात त्या दिवशी गेले नाही. बंदराच्या कठड्यावर बसून फोन करत राहिले, कारण वाटेवरच्या प्रत्येकानं पोचल्यावर कळवा म्हणून बजावलं होतं. कासवं राखणारा म्हणाला, रात्री दोन घरटी मिळाली. आत्यानं कुणाकडं उतरलात, ते कोण, त्यांचं मूळ गाव कोणतं, सगळं काढून घेतलं. वस्तीच्या गाडीचे ड्रायव्हरदादा गाडी चालवत होते, कंडक्टरांनी फोन घेतला आणि गाडीतल्या माणसांना मोठ्यानं सांगितलं, "त्या मॅडम मालवणला पोचल्या." आशाताईंनी टाचेचा फोटो मागितला, आणि तो बघून, अजून दोन दिवस बूट घालू नका म्हणाल्या. कशेळीच्या सड्यावर रेंज नसते. बागेच्या मालकांकडून नंबर मिळवून निरोप ठेवला, मोहोर कसा आहे ते कळवायला सांगा म्हणून.

चार वाजता काकूंचा मुलगा मला शोधत बंदरावर आला. आमटी गार होत होती.